इएनागांच्या 323 चुका

[दृश्य: दौत, ब्रश, उघडं पाठ्यपुस्तक]

सप्टेंबर 1945. जपान शरण येऊन जेमतेम महिना झालाय. युद्धाचं गुणगान आता चालणार नाही, पण नवी पुस्तकं छापायला कागद नाही. म्हणून शिक्षक सांगतात, या ओळीपासून त्या ओळीपर्यंत काळं करा. मुलं ब्रश शाईत बुडवतात. कालपर्यंत घोकलेलं आज स्वतःच्याच हातानं झाकायचं. युद्धनौका गेल्या, सैनिकांच्या शौर्यकथा गेल्या. काही पानं तर अख्खीच काळी.

युद्धकाळात इतिहासकार साबुरो इएनागाही शिक्षक होते. हे चूक आहे हे कळत होतं तरी आपण गप्प बसलो, ही बोच त्यांना आयुष्यभर राहिली. 1946 मध्ये शाळांसाठी इतिहासाचं नवं पुस्तक आलं, त्याच्या लेखकांमध्ये ते होते. जुना इतिहास सूर्यदेवीच्या पुराणकथेपासून सुरू व्हायचा, हा अश्मयुगापासून.

[दृश्य: मंत्रालयाची इमारत, फायलींचे गठ्ठे]

पुढे वारं फिरलं. पाठ्यपुस्तक शाळेत जाण्याआधी शिक्षण मंत्रालयाच्या परीक्षकांकडून पास करून घ्यावं लागे. 1963 मध्ये इएनागांनी स्वतः लिहिलेलं इतिहासाचं पाठ्यपुस्तक नापास झालं. चुका 323! आता चुका कसल्या, तर युद्धाचं चित्र फार काळवंडलेलं आहे म्हणे. बॉम्बहल्ले, हिरोशिमा, अपंग होऊन परतलेला सैनिक. हे फोटो खोटे आहेत, असं कुणी म्हणत नव्हतं. मुलांच्या मनावर उदास छाप पडते, एवढीच तक्रार.

दुरुस्त्या करून पुस्तक पास झालं, पण जून 1965 मध्ये इएनागांनी सरकारवरच दावा लावला. मग दुसरा, मग तिसरा. 1970 मध्ये दुसऱ्या दाव्यात टोकियो जिल्हा न्यायालयात न्यायाधीश सुगिमोतो यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. सरकार अपिलात गेलं.

[दृश्य: 1982 ची वर्तमानपत्रं]

आणि भांडण कधीकधी एका शब्दापुरतं असे. ‘आक्रमण’ नको, ‘आगेकूच’ लिहा, असं परीक्षक सुचवत. चीनमध्ये सैन्य गेलं, हे दोन्ही शब्दांत आलंच की! फक्त एकात घर दुसऱ्याचं असतं. 1982 मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजलं, तेव्हा चीन आणि दक्षिण कोरियानं अधिकृत निषेध नोंदवला.

तिसऱ्या दाव्यात एक मुद्दा होता जपानच्या 731 या लष्करी तुकडीचा. मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनमध्ये, जिवंत कैद्यांवर जंतूंचे प्रयोग करणारी तुकडी. यावर भरवशाचं संशोधन अजून झालेलं नाही, असं सांगून मंत्रालयानं तो मजकूर काढायला लावला होता.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या]

29 ऑगस्ट 1997. हा मजकूर काढायला लावणं बेकायदा होतं, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पाचपैकी तीन न्यायाधीशांच्या मतानं. पाठ्यपुस्तकं तपासण्याची पद्धत मात्र घटनेला धरूनच आहे, असंही म्हणालं. इएनागा तेव्हा 83 वर्षांचे होते. पहिल्या दाव्याला 32 वर्षं झाली होती. भरपाई मिळाली 4 लाख येन.

जपानमध्ये पाठ्यपुस्तक आजही आधी मंत्रालयात जातं, मग वर्गात.