मागच्या एकादशीपासून धरू का?

नमस्कार मंडळी. चहा गाळून झाला असेल तर बसा जरा. आज जीएडी-७ बद्दल बोलूया, म्हणजे चिंता किती आहे ते मोजायचे ७ प्रश्न, डॉ. रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली आणलेले. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला? अजिबात नाही तर ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. बेरीज २१ पर्यंत जाते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० लक्षात ठेवा हं, १०.

तर आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, तुळशीमाळ गळ्यात, सोबत सून. छातीत धडधड म्हणून आलेल्या, ईसीजी नॉर्मल, थायरॉईडपण नॉर्मल, म्हणून माझ्याकडे पाठवलं. (बाहेर टीव्हीवर ब्रेकिंग न्यूज ढणढणत होती, आता पेशंटच्या वेटिंगमध्ये कशाला लावतात ते देव जाणे, त्यापेक्षा भजन लावा नाहीतर जुनी मॅच लावा.) मी विचारलं, आजी, चिंता वाटते का? "मला कसली चिंता, पांडुरंग आहे की." सगळ्याला शून्य! मग मी कागद बाजूला ठेवला नि म्हणलं, जिवाला घोर लागतो का? "तो तर रोजचाच, पोरगा रातपाळीवरनं येईस्तोवर डोळा लागत नाही." आणि दोन आठवडे म्हणल्यावर त्या म्हणाल्या, "मागच्या एकादशीपासून धरू का?" धरा की, १५ दिवसांचाच हिशोब! मग बोटांवर मोजत बसल्या. चिडचिड होते का विचारलं तर म्हणे "नाही बाई", आणि सून खिडकीबाहेर बघायला लागली. ते बघून आजीच हसल्या, "बरं, १ लिही."

बेरीज १४. शून्यावरनं १४, बाई तीच, फक्त शब्द बदलला.

आता १० च्या वर आकडा गेला म्हणजे आजार पक्का असं नाही, पुढं नीट तपासायला हवं एवढंच, परत सांगते, तपासायला हवं एवढंच. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात.

महिन्याभरानं आजी परत आल्या. मी कागद काढायच्या आत म्हणाल्या, "एकादशीपासून चार दिवस घोर, बाकी झोप लागली. आणि चिडचिडीचं तिला विचार, मी बाहेर थांबते."