एक किलोमीटर आणि एक वही

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘समुद्रकिनाऱ्याची राखण आणि सोलापूर’. दारातच एकानं विचारलं, "समुद्र कुठाय बे हितं? कंबर तलावाला भरती आली काय?" मी म्हटलं, आत येऊन बस, पंखा तरी आहे. मार्च महिन्यात सोलापुरात एवढं आमिष पुरतं.

मी बँकेत कॅशियर होतो. जन्म मोजण्यात गेला. त्यातली तीन वर्षं बदलीवर मंडणगड तालुक्यात काढली. सोलापूरचा माणूस कोकणात म्हणजे कडक भाकरी पावसात ठेवल्यासारखी, दोन महिन्यांत मी पार सादळून गेलो. आमच्या शाखेत वेळासचा एक खातेदार यायचा, कासवमित्र. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली गावकऱ्यांना हाताशी धरून वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. २००६ पासून तिथं कासव महोत्सव भरतो. इथले निम्मे लोक जाऊन फोटो काढून आले असतील. मी सांगतोय ते फोटोच्या आधीचं काम.

पहाटे पाचला निघायचं. वाळूवर ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखी नक्षी दिसते, समुद्रातून वर आलेली आणि पुन्हा समुद्रात गेलेली. मादी रात्रीत येऊन गेलेली असते. तो हातातली काठी वाळूत हलकेच दाबत जायचा. एका जागी काठी आपसूक आत शिरायची, की हा गुडघ्यावर बसून हातानं उकरायला लागायचा. दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा. आत टेबलटेनिसच्या चेंडूएवढी पांढरी अंडी, शंभराच्या आगेमागे. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं नाही, बोट लागलं तर पोचा पडतो. कोल्ह्याकुत्र्यांना वास लागायच्या आत ती कुंपणातल्या हॅचरीत न्यायची, तसाच खड्डा करून पुरायची, आणि वहीत लिहायचं : तारीख, जागा, अंडी किती. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं येतात. तेव्हा घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. अंडी इतकी, पिल्लं इतकी, वाया गेलेली इतकी. मी ती वही बघितली आणि हबकलो. अहो, ताळेबंद होता तो! आमच्या शाखेत मुख्य कार्यालयाच्या धाकानं जमायचा नाही तो ताळेबंद हा माणूस लुंगी खोचून, बॅटरीच्या उजेडात जमवत होता.

मग मीही एक वही केली. तो कासवं लिहायचा, मी वाळूवर आलेलं बाकीचं. बाटल्या, थर्माकोल, तुटलेली जाळी, ट्यूबलाइट. एका सकाळी एकोणीस चपला, त्यांत जोड एकही नाही. बाटलीला शिंपल्यांसारखे जीव चिकटलेले असतील तर ती बरेच दिवस तरंगत आलीय, कोरी करकरीत असेल तर कालच्या पाहुण्याची, हेही कळायला लागलं. आणि एक दिवस सापडलं शेंगाचटणीचं रिकामं पाकीट. त्यावर छापलेलं : सोलापूर.

खोटं कशाला बोलू, आधी ऊर भरून आला. वाटलं, कुठनं कुठं आलं बघा आपलं पाकीट, नदीनं वाहत! मी कासवमित्राला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची नदी आमच्याकडं येतच नाही. हे तुमच्यातलंच कुणीतरी खिशात घालून आणलंय."

हे पाकीट लक्षात ठेवा, त्याच्याकडं मला परत यायचंय.

निवृत्त होऊन इथं आलो. एका तलावावर स्वच्छता मोहीम होती, कुणाची ते विचारू नका. सकाळी सातची वेळ, पाहुणे आले पावणेनऊला. तोवर टोप्या वाटल्या, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वाटल्या, थर्माकोलच्या ताटलीत उपमा वाटला. मी घरनं जुनी चादर नेली होती. ती अंथरून मी काठावरचा कचरा वेगळा करत बसलो : गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, निर्माल्य, पतंगाचा मांजा. पुड्या मोजत दोनशे चौदाला आलो, तेवढ्यात आयोजक येऊन म्हणाले, "काका, मोजत काय बसलाय? उचला की!" मी म्हटलं, उचलतोच आहे, पण लिहून. ते म्हणाले, "कचऱ्याचा काय हिशोब ठेवायचा?" आणि दोन पोरांनी माझ्या चादरीची चार टोकं धरून, माझ्या डोळ्यांदेखत, सगळं ट्रॉलीत उलटं केलं. चादरही गेली. सोलापुरात चादर गेल्याचं दुःख मी कुणाला सांगू? (हशा)

हसा. पुढं ऐका. दुसऱ्या दिवशी छापून आलं, ‘दोन टन कचरा गोळा’. काटा कुठं होता? कुणी वजन केलं? ट्रॉली निम्मी रिकामी होती, मी मागं उभा होतो. बँकेत असा आकडा लिहिला असता तर घरी पाठवलं असतं मला. आठवड्यानं गेलो तर काठ पुन्हा जसाच्या तसा. आता सांगा, कमी झाला की वाढला? पुड्या वाढल्या की मांजा? कुणालाच सांगता येणार नाही, कारण दोनशे चौदा ट्रॉलीत गेले.

१९८६ साली टेक्ससमध्ये लिंडा मरॅनिस आणि कॅथी ओ’हारा या दोघींनी किनारा साफ करायला माणसं जमवली, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला पोत्याबरोबर कार्ड दिलं : जे उचलाल ते लिहा. तेच काम आता सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर चालतं. ओरेगॉनमध्ये तर किनाऱ्याचे एकेक मैलाचे तुकडे पाडून लोकांनी वाटून घेतलेत. आपला मैल आपण चालायचा, मेलेला पक्षी, वाहून आलेलं लाकूड, प्लास्टिक, जे दिसेल ते नोंदवायचं. आणि नुसतं उचलणंही वाया जातं असं मी म्हणत नाही. मुंबईत वर्सोव्याला अफरोज शहांनी २०१५ मध्ये किनारा साफ करायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये तिथल्या वाळूतून कासवाची पिल्लं निघाली...

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. म्हणजे चादरीनं वेळ खाल्ला. बरं, ज्यासाठी बोलावलंत ते भरभर सांगतो.

ते पाकीट आठवा. आपला समुद्र कोकणात नाही, पूर्वेला आहे. सीना नदीत पडलेली पिशवी कुडलला भीमेत जाते, भीमा रायचूरकडं कृष्णेला मिळते, कृष्णा हंसलादीवीला बंगालच्या उपसागराला. मध्ये श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत, बरंच तिथं अडकत असणार, मला माहीत आहे, हात खाली करा. पुणेकर उजनीत काय सोडतात तेही माहीत आहे, त्यावर वेगळं व्याख्यान लावा. पण तिकडं आंध्रच्या किनाऱ्यावरही हीच ऑलिव्ह रिडले अंडी घालते. आणि दोन्ही समुद्र तिला एकच. २०२१ मध्ये ओडिशात एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला लावला होता, क्रमांक ०३२३३. ती जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अंधारात कुणीतरी वाकून तो आकडा वाचला, म्हणून कळलं.

कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. शेवटी लिहिलंय, ‘वाछि तो विजेया होईवा’. वाचेल तो विजयी होईल. त्याच देवळाखालच्या काठाचा एक किलोमीटर मला हवाय. महिन्यातनं एक रविवार, तोच तुकडा, तीच माणसं. पक्षी किती, मेलेले मासे किती, पुड्या किती, पिशव्या किती. उचलायचं, पण लिहून. पावसाळ्यात पूर असेल तर वरनं बघायचं आणि ‘पूर’ एवढंच लिहायचं, पान कोरं ठेवायचं नाही. टोप्या मिळणार नाहीत. हुरड्याच्या दिवसांत हुरडा माझ्याकडून.

घंटा वाजली. वही दाराशी टेबलावर आहे, नाव लिहून जा. पेन दोरीनं बांधलंय. राग मानू नका, बँकेतली सवय आहे.