बाहेर पिण्यापेक्षा घरी?

श्रोतेहो, नमस्कार. बारावीचा निकाल लागून पदवीच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की महाविद्यालयातल्या आमच्या समुपदेशन कक्षात पालक येतात ते हजेरी, शिकवणी आणि फार तर मोबाईलबद्दल विचारायला. दारूचा विषय बहुतेक घरांत प्रथम निघतो तो मुलगा शेवटच्या लोकलने येऊन, भिंतीला धरत जिना चढल्यावर. आणि तेव्हा ते बोलणे राहत नाही, त्याची उलटतपासणी होते.

परळच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितले, की गटारीला वडिलांचे मित्र जमले की सोडा आणि चकल्या आणायला वाण्याकडे तोच जायचा, स्टीलचे पेले मांडायचा, आणि दहावीच्या वर्षी वडिलांनीच आपल्या पेल्यातला घोट त्याच्यापुढे केला. 'बाहेर जाऊन पिण्यापेक्षा आमच्यासमोर घेऊ दे' हे वाक्य मी इतक्या सज्जन पालकांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ऑस्ट्रेलियात सुमारे 1900 मुलांचा सहा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी दारू दिल्याने मुलांचे रक्षण होते, असे त्यात कुठेही आढळले नाही. उलट अशी मुले पुढे इतरांकडूनही दारू मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. आपल्या महाराष्ट्रात तर बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे ही वयोमर्यादा आहे, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते.

मग करायचे काय? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉब टरिसी यांनी पालकांसाठी एक पुस्तिका तयार केली आणि महाविद्यालय सुरू होण्याआधीच्या सुटीत त्यांना मुलांशी बोलायला सांगितले. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांच्याशी असे बोलणे झाले होते ती मुले पुढे कमी पीत असल्याचे दिसले. अठरा वर्षांचे मूल आता आपले ऐकणार नाही, ही आपली समजूत म्हणूनच मला घातक वाटते.

माझी कळकळीची विनंती आहे, की हे बोलणे याच सुटीत व्हावे. मित्रांनी आग्रह केला तर तू काय म्हणशील, हे आधी विचारा, त्याचे उत्तर न तोडता ऐका, आणि मग आपली नापसंती आडपडदा न ठेवता सांगा. मुलुंडच्या एका आईने मुलीला एवढेच जास्तीचे सांगितले होते, की अडकलीस तर कितीही वाजता फोन कर, विचारपूस सकाळी करू. तो फोन ठाण्याहून रात्री अडीचला आला. आई रिक्षा करून गेली, आणि विचारपूस खरोखरच सकाळी, चहा झाल्यावर केली.