बसमार्गिकेची चर्चा पादचाऱ्यापासून सुरू व्हावी

मित्रहो, गजबजलेल्या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आखायची असे नुसते जाहीर झाले, तरी दोन तट पडतात. एक म्हणतो, बसला मोकळी वाट द्या. दुसरा म्हणतो, आधीच अपुऱ्या पडणाऱ्या रस्त्याचा एक हिस्सा काढून घेतलात तर बाकीच्या वाहनांनी जायचे कुठून? दोघेही हिशेब मांडतात तो मिनिटांचा. बस पकडण्यासाठी रस्ता ओलांडणारा माणूस मात्र या हिशेबात कुठेच नसतो, आणि जिवाचा सर्वांत मोठा धोका तोच पत्करत असतो. मी बसमार्गिकेचा समर्थक आहे, आणि म्हणूनच तिची परीक्षा या माणसाच्या सुरक्षिततेवरून व्हावी, असा माझा आग्रह आहे.

वेळेचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. मोटारींनी भरलेली एक मार्गिका तासाला साधारण ६०० ते १,६०० माणसे पुढे नेते; तेवढ्याच रुंदीची, वारंवार बस धावणारी राखीव मार्गिका ४,००० ते ८,००० माणसे नेऊ शकते. तरीही ती लोकांच्या डोळ्यांत खुपते, कारण ती रिकामी दिसते. दर मिनिटाला एक बस आणि प्रत्येक बसमध्ये ५० प्रवासी धरले, तर तासाला ३,००० माणसे त्या पट्ट्यावरून जातात. पण शेजारी कोंडीत अडकलेल्या चालकाला दिसतो तो दोन बसमधला मोकळा डांबरी रस्ता.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न नेमका या मोकळेपणातून उभा राहतो. शेजारच्या मार्गिकांतली वाहने खोळंबलेली आहेत, त्यांच्यामधून वाट काढत एक बाई मुलाचा हात धरून पुढे सरकते, सगळे थांबले आहे असे पाहून तिची भीड चेपते, आणि शेवटच्या मोटारीच्या आडून ती ज्या पट्ट्यात पाऊल टाकते तिथे एकही वाहन थांबलेले नसते. बसचालकाला ती दिसत नाही आणि तिलाही बस दिसत नाही, कारण मध्ये एक उंच गाडी उभी असते. यात बेशिस्त कोणाची, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. ज्या आखणीत एका पट्ट्यातली वाहने उभी आणि लगतच्या पट्ट्यातली वेगात असतात, त्या आखणीतच हा अपघात दडलेला असतो.

इथे वेगाचे गणित पाहावे लागते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. वेग ताशी ३० असेल तर हेच अंतर ८ मीटरच्या आसपास येते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ३० च्या तुलनेत ५० वर ती पावणेतीन पटींहून अधिक होते. शिवाय बसमध्ये माणसे उभी असतात. करकचून ब्रेक मारला तर आतली माणसे पडतात, हे चालकाला पक्के ठाऊक असते. म्हणून थांब्यांच्या आणि ओलांडणीच्या जागांजवळ बसचा वेग ३० वर आणला पाहिजे. तेवढ्यापुरता वेग कमी केल्याने जाणारे सेकंद फार थोडे असतात. वेळ वाचतो तो बस कोंडीतून सुटते म्हणून.

दुसरा प्रश्न मार्गिका नेमकी कुठे आखायची, हा आहे. ती पदपथालगत असली तर प्रवासी थेट पदपथावर उतरतात, पण उभी केलेली वाहने, माल उतरवणारे टेम्पो आणि जवळच्या गल्लीत वळणाऱ्या गाड्या ती अडवून धरतात, आणि बस वारंवार बाहेर-आत करू लागली की दुचाकीस्वार तिच्या बाजूला चेपला जातो. मार्गिका मधोमध असेल तर हे अडथळे टळतात. मात्र डावीकडून वाहने चालणाऱ्या देशांत उजवीकडे वळणारे वाहन थेट बसच्या वाटेत येते, त्यामुळे अशा वळणासाठी सिग्नलचा वेगळा टप्पा ठेवावा लागतो किंवा ते वळण बंद करावे लागते. सर्वांत घातक प्रकार आहे उरलेल्या रहदारीच्या उलट दिशेने बस सोडण्याचा. माणूस सवयीने जिकडून गाड्या येतात तिकडे पाहतो, आणि बस येते ती दुसऱ्या बाजूने. जागा वाचते म्हणून हा पर्याय सुचवणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करतो की तो सोडून द्यावा.

आता रस्ता ओलांडण्याबद्दल. प्रत्येकी ३.३ मीटरच्या सहा मार्गिकांचा रस्ता म्हणजे सुमारे २० मीटर. वृद्ध माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो असे धरले, तर त्याला तो एका दमात पार करायला २५ सेकंद लागतात. मधोमध बसमार्गिका आखून तिच्या दोन्ही बाजूंना थांबता येईल अशी उंचवट्याची सुरक्षित जागा दिली, तर हीच ओलांडणी तीन टप्प्यांत विभागली जाते, आणि एकेका टप्प्याला जेमतेम ८ सेकंद पुरतात. बोगोटा शहरात २००० साली सुरू झालेल्या बसमार्गांवर जीवघेणे अपघात लक्षणीयरीत्या घटले, त्यामागे रस्त्याची अशी पुनर्रचना हे महत्त्वाचे कारण होते. नुसता रंगाचा पट्टा ओढून हे साधत नाही.

दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे ५.८ किलोमीटरचा बसमार्ग २००८ मध्ये सुरू झाला, २०१२ मध्ये त्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, आणि तरीही २०१६ मध्ये तो उखडला गेला. त्या वादात मोटारचालकांचा खोळंबा सतत केंद्रस्थानी राहिला. मधल्या थांब्यापर्यंत माणूस सुखरूप कसा पोहोचेल, या प्रश्नाला तेवढी जागा मिळाली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा यापुढे कोणत्याही रस्त्याच्या आराखड्यावर जनसुनावणी झाली, की पहिला प्रश्न ओलांडणीचा विचारा. प्रत्येक थांब्यापाशी पायी सिग्नल किती सेकंदांचा आहे, मध्ये थांबायला जागा किती रुंद आहे, व्हीलचेअर तिथे वळते का, आणि ओलांडणीच्या जागी रस्ता पदपथाच्या पातळीवर उचललेला आहे का, याची उत्तरे नकाशावर दाखवायला सांगा. ही कामे दुसऱ्या टप्प्यात करू, असे उत्तर आले तर ते मान्य करू नका. बस धावू लागेल त्या दिवशी ती पूर्ण असली पाहिजेत.