पानात घुसलेलं अख्खं पान

मागे आवाज येतोय ना? बरं. आजचा प्रश्न असा, की अजॅक्स कॉलच्या, म्हणजे पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरला पाठवलेल्या विनंतीच्या, उत्तरात अख्खं पानच आलं तर त्याचं करायचं काय? थेट उदाहरणच घेतो, मागच्या वर्षी एका कॉलेजचं फी भरायचं पोर्टल माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. मुलगा 'फी भरा' दाबतो, मागून अजॅक्स कॉल जातो, सर्व्हर उत्तरात अख्खं एचटीएमएल पाठवतो, त्यात एक फॉर्म, सगळी फील्ड हिडन, म्हणजे न दिसणारी, आणि खाली एवढीशी स्क्रिप्ट जी तो फॉर्म आपोआप सबमिट करून बँकेच्या पानावर नेणार. हे उत्तर कोणीतरी उचलून एका डिव्हच्या, म्हणजे पानातल्या एका चौकटीच्या, इनरएचटीएमएलमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरात, टाकलेलं. झालं काय? काहीच नाही. पांढरा चौकोन, एरर दिसतात तो कन्सोलही कोरा, आणि शेवटची तारीख डोक्यावर असलेला मुलगा बटण दाबतोच आहे, दाबतोच आहे.

कारण असं, की इनरएचटीएमएलने आत घातलेली स्क्रिप्ट ब्राउझर चालवतच नाही. हा बग नाही, एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येच तसं लिहिलंय. इन्स्पेक्ट केलं तर टॅग तिथे दिसतो, म्हणून माणूस जास्तच गोंधळतो.

मग सगळे ज्या तोडग्यावर येतात तो म्हणजे डॉक्युमेंट डॉट ओपन, राइट, क्लोज. जुनं पान पुसायचं आणि आलेलं लिहायचं. चालतं, खरंच चालतं, स्क्रिप्टही चालतात. पण वरचा पत्ता जुनाच राहतो, रिफ्रेश मारला की जुनं पान हजर, रिलेटिव्ह, म्हणजे अर्धवट पत्त्याच्या, लिंका जुन्या पत्त्यावरून शोधल्या जातात, आणि मुख्य म्हणजे पान बदललं तरी विंडो तीच, तिच्यातली आधी डिक्लेअर केलेली नावंही तशीच, त्यामुळे दोन्ही पानांत एकच फाइल असेल आणि तिच्यात वरच कॉन्स्ट, म्हणजे एकदाच डिक्लेअर करता येणारं नाव, असेल तर 'हे आधीच डिक्लेअर झालंय' म्हणून ती फाइल तिथेच अडते. या एका एररवर माझे दोन दिवस गेलेत.

अजॅक्स कॉल करायचं मूळ साधन, एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट, 1999 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर 5 बरोबर आलं, आउटलुकची मेल ब्राउझरमध्ये दाखवायला, आणि 2005 मध्ये डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या पद्धतीला अजॅक्स हे नाव दिलं. हेतू एकच, पान जागचं न हलवता हवा तेवढा तुकडा आणायचा. मग जिथे अख्खं पानच बदलायचंय तिथे अजॅक्स कशाला हो? ते काम ब्राउझरचं, त्याला करू द्या! त्या पोर्टलमध्ये मी अजॅक्स काढून टाकलं आणि साधा फॉर्म पोस्ट केला, फॉर्म आधीपासून पानात नसेल तर जावास्क्रिप्टने बनवा, हिडन इनपुट भरा, बॉडीला जोडा, सबमिट करा, दहाएक ओळी होतात. पत्ता, बॅक बटण, स्क्रिप्ट, सगळं आपोआप जागेवर.

अडचण एकच, फॉर्मला ऑथरायझेशन हेडर, म्हणजे विनंतीसोबत ओळख पाठवणारी ओळ, लावता येत नाही. त्या हेडरमधून जाणाऱ्या टोकनवर, म्हणजे लॉगिनच्या पुराव्यावर, चालणारी सिस्टिम असेल तर सर्व्हरला सांगा, बाबा तू एचटीएमएल देऊ नकोस, निकाल तुझ्याकडे ठेव आणि मला फक्त पत्ता दे, आणि तो पत्ता विंडोच्या लोकेशनला द्या, म्हणजे ब्राउझर स्वतःच तिथे जाईल.

आता सगळ्यांनी बघितलेली गोष्ट. लॉगिनचं सेशन संपलंय, तुम्ही छोट्या डबीतली यादी रिफ्रेश करता आणि त्या डबीत लोगोसकट अख्खं लॉगिन पान उगवतं. सर्व्हरने 302, म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' हा कोड, दिलेला असतो, पण अजॅक्स कॉलमध्ये ब्राउझर तो रिडायरेक्ट गुपचूप पाळतो, तुमच्या कोडच्या हातात येतं लॉगिन पान आणि वर 200, म्हणजे सगळं ठीक. कोडला कळणार कसं? फेचमध्ये, म्हणजे अजॅक्स कॉल करायच्या नव्या पद्धतीत, रिस्पॉन्सचं रिडायरेक्टेड तपासता येतं, पण मला विचाराल तर इलाज सर्व्हरवरच करा, अजॅक्स कॉल ओळखून त्याला सरळ 401, म्हणजे 'लॉगिन नाही' हा कोड, द्या आणि 401 आला की अख्खी विंडो लॉगिनवर न्या. एवढंच लक्षात ठेवा, की अजॅक्स कॉल ओळखायला सर्व्हर जो 'एक्स-रिक्वेस्टेड-विथ' हेडर बघतो तो जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी स्वतःहून लावते आणि फेच लावत नाही, तो हाताने लावावा लागतो, इथेच बहुतेक जण अडकतात. थांबा, नेटवर्क टॅब उघडतो, तो 302 तुम्हालाच दाखवतो.