नारिंगी केबलला हात लावण्याआधी

उद्यमबाग, बेळगाव. रात्रभर पाऊस कोसळून गेलाय. शटरच्या आत उभी आहे खानापूरकडून टो करून आणलेली इलेक्ट्रिक गाडी. बॅटरी भरलेली आहे, पण डॅशबोर्डवर 'रेडी' काही उमटत नाही.

ही नारिंगी केबल बघा. हिच्यातून तीनशेहून जास्त व्होल्ट धावतात. आणि तिच्यावर पहारा आहे एका बारीक तारेचा. त्या तारेत जेमतेम ५ किंवा १२ व्होल्ट. प्रत्येक मोठ्या कनेक्टरमधून फिरून ती परत येते. तिला म्हणतात इंटरलॉक लूप. एक कनेक्टर जरी नीट बसला नाही, तरी लूप तुटतो आणि बॅटरीतले कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठी वीज जोडणारे-तोडणारे स्विच, जोडलेच जात नाहीत. गाडी अडून बसलीय ती माणसाच्या जिवासाठी.

मिस्त्री हातमोज्यात हवा कोंडून मनगटाकडून गुंडाळत नेतात. सुईएवढं भोक असलं तरी मोजा बाद.

१२ व्होल्टची छोटी, वेगळी बॅटरी सोडवली. मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, तो थेट खिशात. दुसऱ्या कुणी चुकून बसवायला नको. आता दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून असते.

मीटर आधी १२ व्होल्टच्या बॅटरीवर. मग मोठ्या टर्मिनलवर: शून्य. मग पुन्हा १२ व्होल्टवर. कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

लूप मधोमध सोडवला. मीटर लावला की मागचा अर्धा भाग बीप देतो, म्हणजे तार सलग; पुढचा गप्प. पुढच्याचे पुन्हा दोन भाग. शोध येऊन थांबला एसी कॉम्प्रेसरच्या कनेक्टरपाशी, खाली, चिखल उडतो तिथे. दोन बारीक पिना आहेत. एक मागे सरकलीय, तिच्यावर हिरवा गंज.

काही जण इथे जंपर मारून, म्हणजे तारेच्या तुकड्याने लूप परस्पर जोडून, गाडी सोडून देतात. मग कनेक्टर उघडा पडला तरी वीज तुटत नाही, आणि माणूस जातो.

या पायऱ्यांचा भिंतीवरचा हा कागद मिस्त्रींनी मराठीत लिहिलाय. गाडीवरचे इशारे इंग्रजीत. हाताखालची पोरं निपाणी-खानापूरची, मराठी-कन्नड बोलणारी. हे शिक्षण त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावात मिळायलाच हवं.

पिन बदलली, गाडीतला बिघाडाचा कोड पुसला. सर्व्हिस प्लग खिशातून बाहेर आला. बटण दाबल्यावर बॅटरीकडे कान द्या.

टक्... टक्.