बांधावरची करवत
(ठाणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज या सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची वडिलोपार्जित खाचरे मुरबाड, शहापूर किंवा भिवंडी तालुक्यात आहेत आणि राहती घरे मात्र ठाण्यात, हे मी गृहीत धरतो. अशा शेताचा बांध काही वर्षे कुणी पाहिला नाही की काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. ऐन आणि करंज या झाडांच्या फांद्या खाचरावर वाकतात, खाली घाणेरी माजते आणि कडेच्या भाताला लोंब्या धड भरत नाहीत.

पूर्वी हे होत नसे, याचे कारण राब होते. भाताचे रोप टाकण्याची जागा भाजण्यासाठी घरातली माणसे थंडीत झाडावर चढून कोयत्याने टाहाळे, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडत, ते वाळवत आणि शेण-पाचोळ्यासह पेटवून देत. राबाच्या गुणदोषांचा वाद आज मला उकरायचा नाही. पण त्या निमित्ताने झाड दरवर्षी थोडे थोडे हलके होत असे. राब मागे पडला, माणसे नोकरीला लागली आणि वर्षावर्षाचे ते काम साठत गेले. मनगटाएवढी फांदी मांडीएवढी झाली, की कोयता पुरत नाही. चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, लागतो, आणि पडलेला भार ओढायला ट्रॅक्टर.

करवत सुरू करण्यापूर्वी सावली कोणत्या बाजूची नडते, हे ओळखावे. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून भाताला खरी अडचण होते ती पूर्व आणि पश्चिम बांधांवरच्या झाडांची, सकाळ-संध्याकाळच्या लांब सावलीमुळे. भातानंतर वाल किंवा काकडी घेणाऱ्यांना मात्र दक्षिणेचा बांध नडतो, कारण हिवाळ्यात सूर्य तिकडे कललेला असतो. चारही बाजू सरसकट बोडक्या करणारा माणूस डिझेल फुकट जाळतो आणि बांध धरून ठेवणारी मुळेही दुबळी करतो.

कामाला माघ-फाल्गुन बरा. वाल निघालेला असतो, खाचर वाळून ट्रॅक्टरचे वजन पेलण्याजोगे झालेले असते आणि झाडाच्या जखमेवर पावसाचे पाणीही पडत नाही. ट्रॅक्टर बांधावर चढवू नये. एक चाक बांधावर आणि एक खाचरात, अशी तिरकी चाल तर मुळीच नको.

जाड फांदी एका दमात वरून कापली, तर ती आपल्याच भाराने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश काप द्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी, आणि उरलेला खुंट शेवटी कापावा. फांदी खोडातून निघते तिथे फुगीर कड दिसते. त्या कडेला लागून, पण कड शाबूत ठेवून, हा शेवटचा काप घ्यावा, कारण जखम भरणारी नवी साल तिथूनच वाढते.

चेनसॉच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. खांद्याच्या वर करवत नेऊ नये, शिडीवर किंवा ट्रॉलीत उभे राहून ती चालवू नये. उंचीवरच्या बारीक फांद्यांना लांब दांड्याची हातकरवत पुरते. विजेची तार फांदीतून गेलेली असेल, तर वीज वितरणाच्या माणसांनी पुरवठा बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही.

पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती दोराची. अडकलेली फांदी ओढताना आपल्याकडची मुले दोर टॉप लिंकला, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार जोडण्याच्या वरच्या दांडीला, किंवा आसनामागे मिळेल त्या उंच जागी बांधतात. ओढ मागच्या चाकांच्या आसाच्या वरून आली आणि फांदी हलली नाही, तर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाते आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तो मागे उलटतो. दोर खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांडीलाच, बांधावा, तो फांदीच्या लांबीपेक्षा बराच मोठा असावा, क्लच हळू सोडावा आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभे राहू नये.

परवानगीचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ऐन, किंजळ, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, साग अशी आपल्या बांधावरचीच झाडे आहेत. महापालिकेच्या हद्दीतील झाडांना १९७५ चा वेगळा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण लागू आहे. मोठ्या फांद्या काढण्याआधी संबंधित वृक्ष अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. बांध सामाईक असेल, तर शेजाऱ्याला त्याही आधी, आणि शक्यतो त्याच्या ओट्यावर बसून. पाडलेला टाहाळा कोणाच्या वाट्याला जाणार, हे तिथेच ठरवून घ्यावे, कारण लाकूड ट्रॉलीत चढल्यावर ही चर्चा शांतपणे होत नाही.